विषय : ढग मिळणेबाबत

आमच्या शेजारचे देवरेकाका एआयला अर्ज करतात. चित्र हवं असलं की मोबाइलवर रीतसर टाइप करायचं : 'विषय : सोबतच्या फोटोत ढग मिळणेबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून...' शेवटी 'कळावे, आपला विश्वासू'. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात जन्मभर कारकुनी केली. आता समोर मशीन असलं म्हणून काय झालं, ते वरिष्ठच! "अहो, नम्रपणे मागितलं की देतंच ते," म्हणतात. आणि देतंही मेलं! गोदाघाटाच्या साध्या फोटोत कधी हंस, कधी धुकं. एकदा तर रामकुंडामागे बर्फाचा डोंगर.

मग ते फोटो सोसायटीच्या ग्रुपवर. खाली 'छायाचित्रण : मीच'. हल्ली त्यांत काकूही दिसायला लागल्या. आज काश्मीर, उद्या केरळ. अर्धांगवायूनं दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली बाई दल सरोवराकाठी उभी! माझं डोकंच फिरलं. हा कसला आचरटपणा? मी सोसायटीचा सेक्रेटरी. म्हटलं, आज ह्यांना सुनवायचंच. गेलो.

काकू उशीला टेकून काकांची खरडपट्टी काढत होत्या. "पुरे झालं तुमचं काश्मीर. मला पंचवटीत भाजी घ्यायचीय."

काकांनी तत्काळ अर्ज केला. मशीननं बाजार पाठवला. चकाचक फरशी, दागिन्यांनी मढलेली भाजीवाली.

"ही कसली मेथी? हिला मातीच नाही!" काकू फिस्कारल्या.

काका कॅमेरा घेऊन स्कूटरवर निघाले. जाताना मला म्हणाले, "जरा बसा हिच्यापाशी." सुनवायला आलेला मी, काकूंना पाणी पाजत बसलो. तासाभरानं काका खऱ्या बाजाराचा फोटो घेऊन आले. चिखल, गाय, मेथीचे ढीग. पुन्हा अर्ज : 'सौ. यांस मेथीजवळ उभे करण्यात यावे.'

काकू उभ्या राहिल्या. दोन्ही हातांत पिशव्या. उजव्या हाताला सहा बोटं होती.

"असू दे," काकू म्हणाल्या. "भाजी निवडायला बरं." मग कितीतरी वेळ फोटोतल्या स्वतःच्या पायांकडे बघत राहिल्या.

"तुम्ही कुठायत ह्यात?" त्यांनी विचारलं.

"मी फोटो काढतोय ना."

"जन्मभर तेच केलंत. पिशव्या काय मी एकटीनं वाहू?"

काकांनी खुंटीवरची रिकामी पिशवी घेतली, कॅमेरा माझ्या हातात दिला आणि खाटेशेजारी ताठ उभे राहिले. डोळे पुसून मी बटण दाबणार, तेवढ्यात काकू ओरडल्या, "अहो, जरा वाका की! पाच किलो बटाटे आहेत त्यात!"