चिंचेखालचे नसलेले मालक

मोहघरवाडीच्या बैलबाजारात चिंचेखालची जागा बुधाजींची. बाजारात शिरणारं गिऱ्हाईक आधी तिथंच थबकायचं. यंदा मात्र त्या जागेवर जन्मालाच न आलेल्या बैलाची नोंद होती, आणि ती करणारा दुसरातिसरा कोणी नसून त्यांचाच मुलगा महेंद्र होता.

महेंद्र मुरबाडहून एसटीनं रोज ठाण्याच्या कंपनीत जाई. तयार झालेलं सॉफ्टवेअर तपासणं हे त्याचं काम. सुट्टीच्या दिवशी अशा माणसानं झोपावं. पण बाजार समितीचे ज्ञानेश्वरभाऊ म्हणाले, "बुधाजीदादा, तुमचा पोरगा कंपूटरात हाय ना? जागावाटपाचं ॲप त्यालाच करू द्या," आणि बुधाजींनी परस्पर होकार देऊन टाकला. वर गावभर सांगूनही आले.

महेंद्रनं आधी आराखडा काढला. मालक, बैल, जागा, कुणाचा कुणाशी काय संबंध. नियम ज्ञानेश्वरभाऊंचे.

"दिलेली जागा मालक सोता येऊन सोडील तवाच मोकळी. समितीलाबी काढता यायची नाय. मागं यावरून डोकी फुटलीत."

महेंद्रनं तेही आराखड्यात घातलं. आता ॲप तपासायचं तर मालक हवेत, बैल हवेत. हातानं कोण लिहीत बसणार? आराखडा वाचून खोटी माणसं आपोआप तयार करणारा प्रोग्राम त्याच्याकडे होता. ॲप कुठं अडखळतं ते कळावं म्हणून तो प्रोग्राम मुद्दाम टोकाचीच, म्हणजे निरर्थक नावांची नि अशक्य वयांची माणसं काढी.

"खोट्यात कशाला? खऱ्या यादीतच दाव की," ज्ञानेश्वरभाऊंनी फर्मावलं. वाद घालण्यापेक्षा बटण दाबणं सोपं, इतका महेंद्र दमलेला होता. त्यानं दाबलं. प्रोग्रामनं चिंचेखालच्या पहिल्या जागेपासून सुरुवात केली आणि सावलीची अख्खी ओळ भरून टाकली.

बाजाराच्या दिवशी सावली रिकामी आणि खरे बैल उन्हात. बुधाजी रस्त्याच्या कडेला दावं धरून उभे होते. येणारा जाणारा विचारी, "काय दादा, पोरानं बापालाच उन्हात काढलं?" महेंद्रला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"काढ ती माणसं तिथनं," बुधाजी म्हणाले.

"निघत नाहीत, बाबा. मालकानं स्वतः यावं लागतं."

"मंग बोलव त्यांना."

"ते नाहीतच मुळी."

"नायत तर जागा कशी अडवली रे?"

महेंद्रनं ज्ञानेश्वरभाऊंना गाठलं. "भाऊ, नियम तेवढा शिथिल करा."

"नियम मोडला तर पुन्ना डोकी फुटतील. मालक दाव, जागा घे."

बुधाजींनी हे ऐकलं. त्यांनी बैल ओढत नेला आणि चिंचेला बांधला. सगळा बाजार बघायला लोटला. ज्ञानेश्वरभाऊंनी मोबाइल डोळ्यांजवळ धरला.

"या जागेचा मालक हजर हाय?"

"हाय," बुधाजी म्हणाले.

"नाव?"

महेंद्रनं मागून यादीतलं नाव आणि वय सांगितलं. बुधाजींनी डॉक्टरसमोर करावा तसा आ वासला. "अ अ अ."

"वय?"

"एकशे वीस."

तीस वर्षांची ओळख असलेल्या ज्ञानेश्वरभाऊंनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. "एवढे दिसत नाय तुमी."

"पोरगा कंपूटरात घाला, मंग दिसाल."

लोक खो खो हसले. ज्ञानेश्वरभाऊंनाही हसू आवरेना, पण नियम तर पाळला गेला होता. "बसा," ते म्हणाले. थोड्याच वेळात सरळगावचं एक गिऱ्हाईक चिंचेखाली बैलाचे दात पाहू लागलं, आणि बुधाजी एकशेविसाव्या वर्षी ताठ मानेनं भाव सांगू लागले.

महेंद्रनं कुठं हुश्श केलं, तोच उन्हातली सगळी मंडळी त्याच्याभोवती गोळा झाली. प्रत्येकाला सावलीतला एकेक मालक हवा होता. तो उभ्या उभ्या नावं वाटत सुटला.

"मला त्यातल्या त्यात तरणा दे रे," त्या गर्दीतला धाऊ हळूच म्हणाला. "बायको संगं हाय."

महेंद्रनं यादी खालपर्यंत चाळली. प्रोग्रामनं मधल्या वयाचं कोणी काढलंच नव्हतं. एकशे वीस, नाहीतर शून्य. आणि शून्याचा तेवढा एकच होता, तो हौसाआजी मघाशीच मागून घेऊन गेली होती.