किशनराव कंट्रोलरांची कंबर

किशनराव कंट्रोलरांची कंबर सकाळी सहा पंचवीसला सुटायची.

म्हणजे दुखायला लागायची. मी ओट्यावर दात घासत उभा असलो की आतून आवाज यायचा, "निघाली, सर! सहा पंचवीसची." साडेसातला ती मांडीत आलेली असायची. गुडघ्याला दहा मिनिटांचा थांबा. दुपारी पोटरीत ही गर्दी! दिवेलागणीला दुखणं टाचेत मुक्कामी लागलं की किशनराव डोळे मिटून मोठा सुस्कारा सोडायचे. एखाद्या दिवशी सात वाजले तरी कंबर गप्प राहिली, तर माणूस बेचैन. "आज लेट हाय. मागं कुठंतरी अडकली असंल."

मी तेव्हा पालमच्या शाळेत गणित शिकवायचो आणि किशनरावांच्या घरातली पुढची खोली भाड्यानं घेऊन राहायचो. त्या दिवसांची आठवण मला आजही अर्धवट झोपेत असल्यासारखी येते. हिवाळ्यातलं कडब्याच्या रंगाचं ऊन, कुठंतरी लांब वाजणारा एसटीचा हॉर्न, आणि धुरळा. गाडी निघून कितीतरी वेळ झाला तरी तो हवेतच असायचा, कुठं बसावं हे ठरत नसल्यासारखा.

त्या धुरळ्यात किशनरावांची बावीस वर्षं गेली होती. ते स्टँडवर कंट्रोलर होते. कुठली गाडी कुठं निघाली, कुठली बंद पडली, कोण कुणाच्या लग्नाला चाललं, कोण रुसून माहेरी निघालं, हे सगळं त्यांना ठाऊक. प्रवासी गाडीतून कसा उतरतो यावरून त्याचं घरचं कसं चाललंय ते सांगायचे म्हणे. "उडी मारून उतरला तर समजायचं, सासरवाडीला आलाय. दांडी धरून इचार करत उतरला तर कोर्टात तारीख हाय."

नोकरीची शेवटची दोन वर्षं उरली असताना एका मेंढपाळानं गाडीच्या टपावर बोकड चढवला. किशनरावांनी हुकूम सोडला, "बोकड खाली घ्या." बोकडवाला म्हणाला, "तुमीच घ्या." किशनराव शिडीवर चढले, बोकडाचे दोन पाय धरले, आणि दोघंही खाली आले. बोकड चारी पायांवर आला. किशनराव पाठीवर.

"बोकडाला काय झालं न्हाई," ही गोष्ट सांगताना प्रत्येक वेळी ते इथं थांबायचे आणि समोरच्याकडं बघायचे. हा अन्याय पुरता पोहोचल्याशिवाय पुढं जायचे नाहीत.

मुका मार होता. तीन महिन्यांत बरा व्हायला पाहिजे होता, असं सगळे डॉक्टर म्हणाले. पण बाकीचं अंग बरं झालं आणि कंबर तेवढी राहून गेली. किशनरावांनी मुदतीआधीच नोकरी सोडली आणि ओसरीतल्या बाजेवर आडवे झाले, ते झालेच.

परभणीला फोटो काढला, नांदेडला काढला. ते दोन्ही काळे फोटो उशाशी असायचे. आल्यागेल्याला उन्हाच्या तिरपीत धरून दाखवायचे. "हे बघा. इथं. दिसायलंय का?" पाहुणा कापसाचा व्यापारी असो की भांडी विकणारी बाई, मान डोलावून म्हणायचा, "दिसायलंय की!" परभणीच्या हाडाच्या डॉक्टरला मात्र काहीच दिसलं नव्हतं. त्यानं फोटो परत देत सांगितलं होतं, "मनाचं आहे," आणि कमरेला बांधायला पट्टा लिहून दिला होता.

हा अपमान किशनराव विसरू शकले नाहीत. "मनाचं हाय तर पट्टा मनाला द्यायचा होता! कमरेला कामून दिला?"

त्यांच्या बायकोला, गयाकाकूंना, या वादात पडायला वेळ नव्हता. त्या पट्टा बांधायच्या, पट्टा सोडायच्या, तांब्या हाताशी ठेवायच्या, ताट बाजेवर आणून द्यायच्या. किशनरावांनी पाय जमिनीला लावला की चुलीपुढून आवाज यायचा, "हालू नका! काय पायजे ते मला सांगा." दिवसातून पन्नास वेळा. काकूंच्या मायेला दुसरा शब्दच नव्हता. किशनरावही हालत नसत. दोघांचा संसार असा एका बाजेभोवती चालला होता.

त्या साली सरकारी दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई आल्या. मीच किशनरावांना बैलगाडीत गादी टाकून घेऊन गेलो. त्यांनी फोटो पुढं केले. बाईंनी ते बघितले, बाजूला ठेवले आणि विचारलं, "काका, दुखायला लागल्यापासून काय काय सोडलंत?"

किशनराव गांगरले. असा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. बोटं मोजायला लागले. "सायकल. बाजार. भजन. खाली बसून जेवनं. स्टँड." इथं ते थांबले. मग हळूच म्हणाले, "स्टँडकडं तर बघतबी न्हाई मी. लोक इचारत्यात, कंट्रोलर, तब्येत कशी हाय. काय सांगावं?"

"तुमचं दुखणं खरं आहे," बाई म्हणाल्या. "फोटोत येत नाही म्हणून ते खोटं होत नाही. पण हाड आता बरं आहे. चालल्यानं मोडणार नाही. मोडेल या भीतीनं तुम्ही पडून राहता, पडून अंग आखडतं, आखडलं की जास्त दुखतं. आणि दिवसभर एकट्याला दुसरं काही नसलं की तेच ऐकू येतं. उद्यापासून रोज थोडं चाला. आज एका झाडापर्यंत, उद्या पुढच्या."

किशनराव परतीच्या वाटेवर गाडीत आडवे पडून आभाळाकडं बघत होते. चेहऱ्यावर केवढं समाधान! "ऐकलंत ना, सर? खरं हाय म्हणाल्या. लेखी घ्यायला पायजे होतं."

"आणि चालायचं म्हणाल्या."

"खरं हाय म्हणल्यावर चालायचं कामून?"

काकूंनीही डॉक्टरीणबाईंचा सल्ला निकालात काढला. "लहान हाय ती पोरगी. तुमी हालू नका."

पुढं संक्रांतीच्या आधी सोनपेठहून निरोप आला. त्यांच्या मुलीचं, मीनाचं, दुसरं बाळंतपण जवळ आलं होतं आणि तिची सासू अंथरुणाला खिळलेली. काकूंना जावं लागणार होतं, महिना तरी. दोन दिवस त्या घरभर नुसत्या फिरत होत्या. पीठ, डाळ, लोणचं, सगळं बाजेपासून हात लांबवला की मिळेल असं मांडून ठेवलं. निघताना मला म्हणाल्या, "सर, ह्यांच्याकडं बघा. हालू देऊ नका."

पहिल्या दिवशी किशनराव हालले नाहीत. शेजारच्यांनी पाठवलेली भाकर खाल्ली आणि दुखण्याच्या सगळ्या गाड्या मला मोठ्यानं सांगितल्या. दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आलो तर ओसरीत धूर. किशनराव चुलीपुढं एका हातानं कंबर धरून उभे, दुसऱ्या हातानं खिचडी ढवळत होते. "बघता काय? मीठ किती घालतेत सांगा." मलाही माहीत नव्हतं. ती खिचडी आम्ही दोघांनी निमूट खाल्ली.

आठवडाभरात ते आडापर्यंत गेले. मग लिंबाच्या झाडापर्यंत. दुखत होतंच, चेहऱ्यावर दिसायचं. पण एक दिवस सहा पंचवीस होऊन गेली आणि आतून आवाज आला नाही. मी घाबरून डोकावलो. किशनराव अंगण झाडत होते, आणि इतके रंगात आले होते की मी उगाच खोकलो नाही.

महिना होत आला. नातू झाल्याचा, आणि काकू सोमवारी निघणार असल्याचा निरोप आला. पण सोमवारी गाड्याच सुटल्या नाहीत. विद्यापीठाच्या नामांतराचं आंदोलन पुन्हा तापलं होतं. कुठं मोर्चा, कुठं बंद, कुठं रस्त्यात आडवी टाकलेली झाडं. कोणती गाडी कुठं थांबलीय, कुणालाच सांगता येईना. रस्ते असे शांत की दुपारी गावावर कुणी चादर टाकल्यासारखं वाटायचं.

संध्याकाळी किशनरावांनी टोपी घातली.

"कुठं?"

"स्टँडवर."

जेमतेम अर्धा मैल होता. आम्हाला पाऊण तास लागला. दोन वर्षांनी कंट्रोलर स्टँडवर आलेले बघून चहावाला उठून उभा राहिला. नव्या कंट्रोलरनं आपली खुर्ची दिली. अडकलेले प्रवासी बोचक्यांवर बसून होते. एका म्हातारीनं विचारलं, "दादा, गंगाखेडची गाडी येईल का?" किशनराव म्हणाले, "आज न्हाई, माय. खोटं कशाला सांगू? घरला जा, हितं थंडी वाजंल." त्यांचा तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. घरात दुखण्याच्या गाड्या सांगतानाचा तो नव्हता.

मंगळवारी गेलो. बुधवारी गेलो. गुरुवारी शाळा सुटल्यावर बघतो तर ते माझ्याआधीच जाऊन बसलेले. कंबर दुखते का, हे विचारायचं मी विसरलो आणि सांगायचं तेही विसरले असावेत. सोनपेठच्या रस्त्याकडं नजर लावून बसायचे. एकदा नुसतंच म्हणाले, "तीस वर्षं झाली लग्नाला. ही गावाला गेली तर मी ड्युटीवर. आली तरी ड्युटीवर. तिला घ्यायला कधी आलोच न्हाई."

शुक्रवारी ऊन कलताना गाडी आली. धुळीनं अशी माखलेली की पाटीवरचं नाव वाचता येईना. माणसं उतरत राहिली. सगळ्यात शेवटी गयाकाकू दारात आल्या. त्यांनी आधी बोचकं खाली सोडलं. मग दोन्ही हातांनी दांडी धरली, अंग आडवं केलं, डावा पाय पायरीवर टेकवला, थांबल्या, ओठ आवळले, आणि उजवा पाय हातानं उचलल्यासारखा खाली घेतला. पुन्हा थांबल्या. पुढची पायरीही तशीच.

किशनराव बघत होते. बावीस वर्षं त्यांनी हजारो माणसं उतरताना बघितली होती.

मी बोचकं घ्यायला पुढं झालो. "काकू, गुडघा कधीपासून दुखतोय?"

"हे का? लय वर्षं झाली." त्या हसल्या. "पन सर, एका घरात दोन दुखनी कशी नांदतील? कुनीतरी उठायला पायजेच की." मग त्यांचं लक्ष नवऱ्याकडं गेलं. "आन् तुमी कशाला आलात? हालू नका म्हणलं होतं ना?"

किशनराव खाली बघत टोपी नीट करायला लागले. मी दोन वर्षं काकूंच्या हातचा चहा पीत होतो. मलाही तोंड वर करवेना.

आम्ही निघालो. पन्नास पावलांवर रस्त्याच्या कडेला मोरीचा कठडा होता. तिथं किशनराव एकदम थांबले आणि कमरेला हात लावला.

"आई गं! जरा थांबू. लय कळ आलीय."

काकू घाबरून कठड्याजवळ आल्या. "बसा, बसा."

"मला बसल्यावर जास्त दुखतंय. तू बस."

त्या बसल्या. पाय लांब केले. डोळे मिटले. पुढं पिंपळाच्या पाराशी किशनरावांना पुन्हा कळ आली. मग बंद दुकानाच्या फळीशी. मग शाळेच्या पायरीशी. घर येईपर्यंत सहा वेळा. प्रत्येक वेळी काकू बसल्या आणि ते कलत्या उन्हात त्यांच्यावर सावली पडेल असे उभे राहिले, ताठ, हात मागं बांधून.

"लय दुखायलंय का?" काकूंनी शेवटच्या वेळी विचारलं.

"लय," किशनराव म्हणाले. "तू बस अजून."