वासुअण्णांनी घरी कुटलेलं गणित

वासुअण्णा लिनक्सवर प्रोग्राम बसवायलासुद्धा सोवळं नेसून बसतात. दुर्गाघाटावर आमच्या गल्लीत समोरच राहणारे हे निवृत्त गणिताचे मास्तर. मी विद्यापीठाच्या संगणक विभागात नोकरी करते, म्हणून ह्या विधीची उपाध्याय मी.

अण्णांना हवा असलेला आकडेमोडीचा प्रोग्राम एका ओळीच्या हुकमावर तयार मिळतो. तसं मी सांगितलं.

"बना-बनाया माल ह्या घरात येणार नाही, सुनंदे! मसाला घरी कुटतो, तर गणितही घरीच कुटायचं."

म्हणजे मूळ कोड आणून स्वतः कंपाइल करायचा, यंत्राच्या भाषेत उतरवायचा. तर त्याला एक लायब्ररी, म्हणजे मदतनीस कोडचा गठ्ठा, हवी, तिला दुसरी, दुसरीला फोर्ट्रानचा कंपायलर.

"एकाला जेवायला बोलावलं, तर हा अख्खी पंगत घेऊन आलाय!" अण्णा करवादले, पण सगळ्यांना पाट मांडले.

खरा बखेडा पासवर्डपाशी. प्रत्येक हुकमाला अण्णा हातावर पाणी घेऊन संकल्प म्हणत. देश, काळ, गोत्र, प्रवर, सगळं. तोवर पासवर्डची वाट पाहून यंत्र हुकूमच रद्द करी.

"ह्याला जरा म्हणून धीर नाही!"

"अण्णा, आधी पासवर्ड, मग संकल्प. आणि पाणी कीबोर्डवर सोडू नका."

एवढा खटाटोप कशासाठी, तर काकूंच्या, म्हणजे त्यांच्या पत्नीच्या, तिथीसाठी. नऊ वर्षांपूर्वी काकू पहाटे गेल्या. ती वेळ एका पंचांगात सप्तमीची, दुसऱ्यात अष्टमीची. म्हणून अण्णा दरवर्षी दोन्ही दिवस श्राद्ध घालतात, आणि आमचे यजमान दोन्ही दिवस वडे-खीर हाणून तिसऱ्या दिवशी इसबगोल घेतात.

"चंद्र-सूर्य मीच मोजतो आणि एकदाचा फैसला करतो," ही अण्णांची प्रतिज्ञा.

सतराव्या दिवशी दुपारी प्रोग्राम बसला. अण्णांनी आपलं गणित चालवलं. उत्तर आलं, अष्टमी. काकू गेल्या त्याच्या बारा मिनिटं आधीच सप्तमी संपली होती.

"सुटलात अण्णा," मी म्हटलं. "आता एकच दिवस."

अण्णा पडद्याकडे बघत राहिले.

"म्हणजे सप्तमीला तिचं काहीच करायचं नाही?"

"नाही."

त्यांनी उपरण्याचं टोक चाचपलं. मग म्हणाले, "कुठलीतरी लायब्ररी जुनी आलीय. पुसून टाक सगळं. पुन्हा पहिल्यापासून बसवू."

आकडे मी दोनदा तपासले होते. चूक नव्हती.

"हो, जुनीच दिसतेय," मी म्हटलं आणि सगळं पुसलं.