गुआनापो नदीवरील बदकाची मोहीम

विज्ञानलक्ष्मी प्रसन्न. विनंती ऐसी जे, अरिमा परगण्याचे डाक्टर एव्हरार्ड लेझामा यांनी गुआनापो नदीवर जी स्वारी केली, तिचा मजकूर जाहाला तैसा लिहावा, पदरचे मीठ घालू नये, ऐसी आपली आज्ञा जाहाली. त्यावरून लिहिले असे. मीठ बदकात पडले तेवढेच आहे.

डाक्टरसाहेब म्हणजे त्रिनिदाद बेटावरील गप्पी माशांचे खासे जाणकार. उमेदीची वर्षे त्यांनी काचेच्या हौदांपुढे बसून काढिली आणि मादी कोणत्या नरास कौल देते याचा शोध लाविला. तो ऐसा की, ठळक नारिंगी ठिपक्यांचा नर मादीस आवडतो. परंतु एखाद्या फिक्या नराजवळ दुसरी मादी रमलेली दिसली, तर पाहणारीही आपला कौल फिरवून त्याच फिक्याकडे जाते. हा दाखला देशोदेशीच्या विद्वानांपुढे मांडून त्यांनी मान मिळविला आणि मग मनुष्यप्राणीही याच कायद्यात बसतो, असे मातोश्रींस जेवताना वारंवार समजावू लागले. मातोश्री म्हणत, "मग तुझं लग्न रे कुठल्या कायद्यात अडकलंय?"

अडकले होते ते चौकातील औषधांच्या दुकानी. तेथील मुख्य अंमलदार रोझान सीपॉलबाई, हुशार आणि कमी बोलणाऱ्या. डाक्टरांचा जीव त्यांजवर जडला होता, आणि ते बोलण्याची हिंमत नसल्याकारणे डाक्टर खोकला नसता खोकल्याचे औषध नेत असत. इतक्यात खबर आली की, टोबॅगो बेटावरील मोठ्या दुकानाने बाईंस बोलावणे पाठविले आहे आणि रविवारी संध्याकाळपावेतो हो की नाही ते कळवायचे आहे. बाई गेल्या म्हणजे समुद्र मध्ये पडला.

मग डाक्टरांनी हौदांपुढे एकट्याने मसलत मांडिली. शास्त्रात लिहिले आहे की स्त्री दौलत पाहते. तर डाक्टरांच्या गाडीचे दार आतूनच उघडत असे. शास्त्रात लिहिले आहे की स्त्री उंची पाहते. तर तो विषय तेथेच सोडिला. भरदार आवाज म्हणावा, तर तो भाषणातही मागील रांगेपर्यंत जात नसे. नारिंगी ठिपका अंगावर एकही नव्हता. तेव्हा उरला एकच डाव, दुसऱ्या मादीचा. डाक्टरांनी सांग्रे ग्रांदेहून मावसबहीण पेट्रा हिजला बोलाविले, कारण अरिमात तिला कोणी ओळखत नव्हते.

पेट्राने अट घातली. "करते नाटक, दादा. पण मराकासच्या किनाऱ्यावर तळलेला शार्क खाऊ घालायचा. मला, नवऱ्याला आणि दोन्ही पोरांना."

डाक्टरांनी तह मान्य केला.

रविवारी अरिमाची सारी मंडळी, रोझानबाईंसुद्धा, सहलीस गुआनापोच्या काठी उतरली. त्या मुलखाचा रिवाज ऐसा की, नदीवर चूल पडली म्हणजे रांधणे पुरुषांकडे आणि नावे ठेवणे बायकांकडे; आणि ज्याचे बदक शिजते आहे त्याने पातेले टाकून जाणे, म्हणजे निशाण टाकून रणातून पळणे. त्या दिवशी बदकाची सरदारी डाक्टरांकडे होती. रोझानबाईंची इंद्रामावशी समोरच खुर्ची टाकून देखरेखीस बसली.

पेट्राने कामगिरी चोख बजाविली. डाक्टरांच्या प्रत्येक वाक्यास हसली, त्यांच्या केसांतील पान काढिले, पळीतला रस्सा चाखून डोळे मिटले. आणि शास्त्र फळास आले, परंतु भलत्याच बुरुजावर. विधवा अर्सुलाबाई, ज्यांनी डाक्टरांस कधी पाणीही विचारिले नव्हते, त्या जवळ येऊन म्हणाल्या, "डॉक्टर, माझ्या हौदातले मासे सुस्त झालेत हो. एकदा घरी येऊन बघा ना!"

इंद्रामावशींनी तर थेट डंका पिटला. "एव्हरार्ड, लबाडा! एवढी गोड मुलगी लपवून ठेवली होतीस? लग्न कधी?"

काठभर टाळ्या जाहाल्या, रमचे प्याले वर गेले. रोझानबाई उठल्या, "अभिनंदन" म्हणाल्या आणि फोन घेऊन वरच्या रस्त्याकडे चालू लागल्या, कारण नदीकाठी फोन लागत नसे आणि टोबॅगोस संध्याकाळपावेतो जबाब द्यावयाचा होता.

डाक्टरांनी पातेल्याकडे पाहिले. रस्सा आटत आला होता, बदक ऐन रंगात होते. मग त्यांनी पळी खाली ठेविली आणि अनवाणीच दरड चढू लागले. मागून इंद्रामावशी ओरडल्या, "अरे, बदक! बदक सोडून कुठे चाललास?"

वर पोहोचेतो डाक्टरांस खरोखरचा खोकला लागला.

"रोझान, थांब. पेट्रा माझी मावसबहीण आहे."

"काय?"

"नवरा आहे तिला, दोन पोरं आहेत. मीच आणली. तू बघावंस म्हणून."

"मी काय बघावं?"

"की मला कोणीतरी पसंत केलंय."

बाईंनी कानाचा फोन खाली घेतला. "एव्हरार्ड, तू मला हौदात घातलंस?"

"हो."

"आणि तो खोकला? तो तरी खरा होता?"

"नाही."

"ते ठाऊक होतं मला. इतकी वर्षं खोकणारा माणूस जाड होत नाही." इतक्यात खालून करपल्याचा वास आला. बाईंनी नाक वर केले. "बदक कोणाकडे देऊन आलास?"

"कोणाकडेच नाही."

बाईंनी त्यांच्या चिखलाने भरलेल्या पायांकडे पाहिले.

"शास्त्रात याला," डाक्टर सुरू जाहाले, "म्हणजे नर जेव्हा स्वतःचं नुकसान सोसून…"

"गप्प बस. मला टोबॅगोला जायचंच नव्हतं. पण कोणी थांब म्हणेना."

"थांब," डाक्टर म्हणाले.

तेव्हा बाईंनी टोबॅगोस फोन लाविला आणि नकार कळविला. मग दोघे हात धरून दरड उतरले. तो देखावा पाहताच इंद्रामावशींनी फौजेस बजाविले, "मी पहिल्यापासून म्हणत होते, एव्हरार्ड म्हणजे सोन्यासारखा मुलगा!" आणि काठावरील समस्त बायकांनी, अर्सुलाबाईंसुद्धा, आपलेही मत आधीपासून तेच होते, असे जाहीर केले. डाक्टरांचा हात टिपण घेण्यास शिवशिवला. बाईंनी तो घट्ट धरून ठेविला आणि हुकूम केला की, याविषयी कोठल्याही विद्वानांच्या दरबारी एक अक्षर छापू नये, आणि दुकानी खोकल्याशिवाय यावे.

नंतर रोझानबाईंनी पळी घेऊन पातेल्याच्या बुडाचा काळा थर खरवडिला, सर्वांसमक्ष खाल्ला आणि निवाडा दिला, "खरपूस झालंय."

येणेप्रमाणे फत्ते जाहाली. बदक कामी आले, पातेले जायबंदी जाहाले, पेट्राचा शार्क देणे राहिला. जय कोणत्या कायद्याने मिळाला, याचा निकाल लागला नाही. गप्पी मासे तेथेच काठाशी पोहत होते. त्यांची साक्ष कोणी घेतली नाही. लेखनसीमा.