कान दिसले पाहिजेत

टाय बांधायचं ठरवलं, तिथेच सगळं बिघडलं.

बायकोने आदल्या दिवशी फोनवर बजावलं होतं, की साधा शर्ट घाला, विचारतील तेवढंच बोला आणि मध्येच आपलं डोकं चालवू नका. (हे शेवटचं ती मला लग्नापासून सांगत आली आहे.) बायको परदेशात एका दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवते. ती गेली तेव्हा आमची मुलगी दुसरीत होती, आता चौथीत आहे. मधल्या काळात मुलीचे पुढचे दात पडून नवे आले, आणि लोकांचे दात घडवणाऱ्या तिच्या आईला ते फक्त फोनवर दिसले. त्या दिवशी बायको फोनवरच रडली होती. आता आम्हा बापलेकीला कायमचं तिच्याकडे जायचं होतं. त्यासाठी व्हिसा, व्हिसासाठी मुलाखत, आणि त्या देशाची एम्बसी आमच्याकडे नाही म्हणून मुलाखत शेजारच्या देशात. तारीख हुकली की पुढची कधी मिळेल ते कोणीच सांगत नाही.

तर सकाळी मी टाय बांधला. आरशात पाहिलं, तरी काहीतरी कमी वाटलं, म्हणून ऑफिसचं ओळखपत्रही गळ्यात अडकवलं. ते मी परदेशात कशाला आणलं होतं हे विचारू नका. मी ते घालून लग्नकार्यालाही जातो.

ऑफिस म्हणजे पाणीपुरवठा खातं. नवीन नळासाठी अर्ज करायला लोक येतात, ती खिडकी माझी. अर्ज तपासायचा आणि त्रुटी काढायची, एवढंच माझं काम, पण त्यात माझा हात धरणारा कोणी नाही. माझ्या खिडकीवरून पहिल्या फेरीत अर्ज पुढे गेलाय असं झालेलं नाही. ऑफिसात मला त्रुटीसाहेब म्हणतात. मला वाटायचं, कौतुकाने म्हणतात.

एम्बसीच्या हॉलमध्ये जमिनीला पक्क्या केलेल्या खुर्च्या होत्या, समोर नंबर दाखवणारा पडदा आणि त्याखाली काचेच्या खिडक्या. आयुष्यात पहिल्यांदाच मी काचेच्या चुकीच्या बाजूला होतो. तळहाताला घाम फुटला. मुलगी म्हणाली, "बाबा, तू पाय हलवू नकोस ना, सगळी रांग हलतेय." म्हणून मी उठलो आणि कोपऱ्यातल्या टेबलापाशी जाऊन उभा राहिलो. टेबलावर डिंकाची बाटली होती, स्टेपलर होता आणि दोरीने बांधलेलं पेन होतं. ते बांधलेलं पेन पाहिलं आणि मला एकदम बरं वाटलं.

तेवढ्यात आमच्याच गावाकडची बोली बोलणाऱ्या एक बाई आल्या. टाय पाहिला, ओळखपत्र पाहिलं आणि फाइल पुढे करून त्यांनी विचारलं, "साहेब, आधी इथे दाखवायचं का?"

नाही म्हणायला किती वेळ लागतो? पण मी म्हणालो, "बघू."

(माझ्या सगळ्या अडचणी या एका शब्दातून निघतात.)

बघितलं तर झेरॉक्स तिरकी. मी म्हणालो, ही चालायची नाही, येताना कोपऱ्यावर झेरॉक्स-फोटोचा स्टुडिओ लागला ना, तिथून दुसरी काढून आणा. बाई मुकाट्याने गेल्या. हात जोडून गेल्या हो. मागे बघतो तर तिघेजण उभे. मग पाच. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं, पण टेबलापाशी टाय घातलेला माणूस फाइल चाळतोय म्हटल्यावर आपली माणसं रांग लावल्याशिवाय राहतात का? मी कोणाची सही कागदाच्या कडेला लागलेली पकडली, कोणाची टाचणी चुकीच्या कोपऱ्यात. घाम वाळला. घर सोडल्यापासून इतकं प्रसन्न मला वाटलं नव्हतं. खरं सांगतो, एकाला मी मान वर न करताच परत पाठवलं.

मुलगी येऊन कोट ओढायला लागली. "बाबा, आपण इथले नाही आहोत."

मी तिला गप्प बसवलं. काम चालू असताना मध्ये बोललेलं मला चालत नाही.

मग मफलर गुंडाळलेले एक आजोबा आले. मुलाकडे राहायला निघाले होते. घरी एकट्याने आता चूल पेटवणं होत नाही, असं न विचारताच सांगून मोकळे झाले. माझ्या खिडकीवरही म्हातारी माणसं हेच करतात, आणि मी तेव्हाही ऐकत नाही. मी फोटो पाहिला. फोटोतही मफलर. डावा कान अर्धा झाकलेला.

"कान दिसले पाहिजेत," मी म्हणालो. "कोपऱ्यावर तो स्टुडिओ आहे. नवीन फोटो काढून आणा."

आजोबांनी पडद्याकडे पाहिलं. "पण साहेब, तेवढ्यात माझा नंबर गेला तर?"

मी म्हणालो, "त्याला मी काय करणार?"

हे वाक्य मी ऑफिसात दिवसभर म्हणतो. तोंडातून कधी गेलं तेही कळलं नाही. आजोबा मफलर सावरत, पायरीवर आधी एक पाय मग दुसरा असं करत बाहेर गेले.

ते गेले आणि पडद्यावर त्यांचाच नंबर आला. फाइलवर चिकटवलेला तो मी नुकताच वाचला होता. घंटा वाजली. कोणी उठलं नाही. पुन्हा वाजली. माझ्यापुढची रांगही पडद्याकडे बघायला लागली. मग तो नंबर गेला आणि पुढचा आला.

 मुलीने माझ्याकडे पाहिलं आणि मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मी ओळखपत्र काढून खिशात कोंबलं. दाराकडे धावलो, तर शिपायाने हात आडवा केला आणि पडद्याकडे बोट दाखवलं. आमचा नंबर लागला होता.

काचेमागे एक तरुण अधिकारी बाई होत्या आणि शेजारी आमची भाषा जाणणारी दुभाषी. त्यांनी मुलीला विचारलं, आईला भेटून किती दिवस झाले. मुलगी म्हणाली, "माझे दात पडले त्याच्या आधीपासून." अधिकारी बाई हसल्या. काम झाल्यातच जमा होतं. मग त्यांनी मला विचारलं, तुम्ही काय काम करता?

क्लार्क, एवढं म्हटलं असतं तर सुटलो असतो. बायकोने नेमकं तेवढंच सांगितलं होतं. मुलीने खालून माझं बोट धरलं होतं. खरं सांगितलं आणि आमची फाइल बाजूला पडली, तर तिच्या आईला काय तोंड दाखवू? आणि नाही सांगितलं, तर ते आजोबा?

मी सगळं सांगितलं. टाय, टेबल, तिरकी झेरॉक्स, मफलर, सगळं. दुभाषी बाई भाषांतर करता करता मध्येच थांबून माझ्याकडे बघत होती. मला वाटतं, योग्य शब्द सापडत नसावेत.

अधिकारी बाईंनी चष्मा काढला. विचारलं, आपण एम्बसीचे आहोत असं तुम्ही लोकांना सांगितलं का?

"नाही."

आपण एम्बसीचे नाही, असं सांगितलं का?

मी खाली बघून म्हणालो, "नाही."

मागे सगळा हॉल ऐकत होता. तिरक्या झेरॉक्सवाल्या बाई नवी झेरॉक्स घेऊन अगदी पहिल्या रांगेत येऊन बसल्या होत्या. माझे कान असे तापले, की त्यावर कपडे वाळले असते.

अधिकारी बाईंनी शिपायाला बोलावलं. आता मला धरून नेणार, म्हणून मी मुलीला मामाचा फोन नंबर पाठ आहे का ते विचारून घेतलं. पण शिपाई बाहेर गेला आणि आजोबांना घेऊन आला. मफलर हातात, कान उघडे, थंडीने नाक लाल. त्यांना शेजारच्या खिडकीपाशी बसवलं. तिथे त्यांचा जुनाच फोटो घेतला. तो मुळात ठीक होता. जाताना आजोबा माझ्यापाशी थांबून म्हणाले, "साहेब, तुम्ही आठवण ठेवून बोलावून घेतलंत. एवढं कोण करतं?" याच्यापेक्षा त्यांनी मला एक ठेवून दिली असती तर सोसलं असतं.

मुलीच्या कागदावर शिक्का पडला. मग अधिकारी बाईंनी माझा कागद घेतला, फोटो उजेडात धरला आणि दुभाषीला काहीतरी सांगितलं. दुभाषी म्हणाली, तुमचा उजवा कान केसांत गेलाय. नवीन फोटो आणा.

"पण तेवढ्यात खिडकी बंद झाली तर?" मी विचारलं.

दुभाषीने विचारून सांगितलं, "त्या म्हणतात, त्याला त्या काय करणार?"

आम्ही दोघं धावत सुटलो. स्टुडिओवाल्याने माझा टाय पाहिला मात्र, उठून उभाच राहिला. खुर्ची पुसली, चहा मागवला, पैसे काढले तर हात मागे घेतला, आणि निघताना स्टुडिओच्या कार्डांचा गठ्ठा माझ्या खिशात घातला. सकाळपासून आलेल्या गिऱ्हाइकांनी त्याला खुणेने कोणाचं वर्णन करून सांगितलं असेल, ते मला कळलं. मी त्याच्या नजरेला नजर दिली नाही.

खिडकी बंद व्हायच्या आत पोचलो. शिक्का पडला.

विमानतळावर बायकोने आधी मुलीचे दात पाहिले. हाताने चाचपून, कारागिरासारखे, आणि मग ती पुन्हा रडली. मीही रडलो, ते तेवढं सोडून देऊ. घरी पोचल्यावर तिने व्हिसा उघडला. फोटोत माझे दोन्ही कान अगदी नियमाप्रमाणे दिसतात. दोन्ही लालबुंद आहेत.

"हे कान असे कसे झाले हो?" बायकोने विचारलं. "काही बोलला नाहीत ना तिथे?"

मी मुलीकडे आशेने पाहिलं. प्रवासभर मी तिला पटवत आलो होतो, की आईला सगळंच सांगायची काही गरज नसते. आता वेळ आली होती. मी हळूच म्हणालो, "सांभाळून घे गं. नाहीतर आई मला ओरडेल."

मुलीने मान वरसुद्धा केली नाही.

"त्याला मी काय करणार?" ती म्हणाली.