हलकं तूप, भारी पाणी

आठल्येकाका कुणाकडे गेले, की आधी डोळे मिटायचे. देवासाठी नव्हे, तेलासाठी. पिशवीत दोन सारख्या काचेच्या बाटल्या आणि एक नरसाळं. एका बाटलीत तुमच्या घरचं पाणी, दुसरीत तुमच्याच घरचं तेल, मध, दूध, जे हाती लागेल ते. दोन्ही गळ्यापर्यंत भरायच्या, दोन हातांत धरायच्या आणि डोळे मिटून वरखाली करत पुटपुटायचं, "जड कोण, हलकं कोण?" कुणी हसलं तर म्हणत, "बोलू नका, तोलू द्या!"

शेर जाऊन किलो-लिटर आले, त्या सुमाराची जयपूरची गोष्ट. आम्ही बदलीवाली माणसं. गल्लीत मराठी बिऱ्हाडं दोनच, आमचं आणि आठल्यांचं. त्यामुळे काकांनी काही केलं की लोक मला विचारायचे, "आपके यहाँ ऐसा ही होता है क्या?" मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं मला. घासलेटच्या रांगेत काका डोळे मिटून तोलायला लागले, तेव्हा मी चक्क ओळखच दाखवली नाही. दूधवाल्या भैयाला तर ते प्रामाणिकपणे म्हणाले, "दूध और पानी, दोनो सरीखाच लगता है!" भैया दुसऱ्या दिवसापासून गल्लीत फिरकला नाही. काकू तेवढ्या शहाण्या. गुडघ्यांचं निमित्त सांगून कुठं येतच नसत.

मग बुआसांचं जेवण आलं. बुआसा म्हणजे आम्हा दोघांच्या घरमालकीण. त्यांनी दाल-बाटीला बोलावलं. घरच्या गाईचं तूप, वितळवून वाढलेलं, आणि घरच्याच विहिरीचं पाणी. काकांनी नरसाळं काढलं. मी पदराआड तोंड लपवलं. तोलून झाल्यावर काका भर पंगतीत आनंदानं ओरडले, "बुआसा, आपका घी एकदम हल्का! पानी भारी!"

त्यांनी खरं तेच सांगितलं होतं. तूप पाण्याहून हलकंच. पण तिकडे 'हल्का' म्हणजे कमअस्सल, आणि 'भारी पानी' म्हणजे न पचणारं. एका वाक्यात काकांनी गाय आणि विहीर दोन्ही बुडवल्या. बुआसांचा चेहरा लाल झाला. "ऐसे किरायेदार नहीं चाहिए. घर खाली कराओ!"

मी मध्ये पडले, समजूत घातली, हात जोडले. छे! दुसऱ्या दिवशी त्या स्वतःच आठल्यांना घर सोडायला सांगायला निघाल्या, 'दुभाषी' म्हणून मला ओढत. काकांनी दार उघडलं आणि मान खाली घातली. बुआसा एक शब्द न बोलता खुर्चीवर बसल्या. मी आत ओरडले, "काकू, मी आलेय!"

काकू हातात सरबताचा एकच पेला घेऊन बाहेर आल्या. बुआसांच्या अगदी समोर थांबल्या आणि माझ्या आवाजाच्या दिशेनं हसल्या. "एकटीच आलीस होय गं? बस. खायला आणते काहीतरी."

त्या भिंतीला बोटं लावत आत गेल्या. बुआसा माझ्याकडे बघत राहिल्या. मला तोंड वर करवेना.

काका हात जोडून कुजबुजले, "डेढ बरस हुआ. अब कुछ नहीं दिखता. किसी को मत बोलना, उसको बहुत शरम आती है. मेरेको दौरे पे जाना पडता है, पीछे वो अकेली. नाक लगाएगी तो लोग समझ जाएँगे. और शक्कर के पाक को कहाँ बास होती है? इसलिए वजन. पहले मैं बाहर सीखता, उसके सामने चूक न हो, फिर उसको सिखाता." मग आवाज आणखी खाली गेला. "घर मत छुडाओ, बुआसा. इस घर के कोने उसके हाथ को मालूम हैं."

"मग वेगवेगळ्या बाटल्या ठेवा ना," मी मूर्खासारखी म्हणाले.

"बाटल्या फुटतात गं, बदलतात. वजन बदलत नाही."

बुआसा उठल्या. मला वाटलं, निघाल्या. त्या चपला हातात घेऊन, पावलं न वाजवता उंबऱ्याबाहेर गेल्या आणि तिथून त्यांनी दाराची कडी खणखणा वाजवली.

"भाभीजी! मैं हूँ, बुआसा! अंदर आऊँ?"

"अगंबाई! आइए, आइए!" काकू आतूनच म्हणाल्या. "बैठिए, शरबत लाती हूँ."

स्वयंपाकघरात फळीवर तेला-पाकाच्या सारख्या बाटल्या ओळीनं होत्या. काकूंनी एक उचलली, जरा धरली, परत ठेवली. दुसरी उचलली. काका दारातून बघत होते. काकूंनी पेल्यात पाक ओतला, तेव्हा कुठे काकांनी श्वास सोडला.