व्हर्लिनबाईंचं फरार पातेलं

या, जवळ सरकून बसा. अजून जवळ. भिंतीला टेकून बसणाऱ्याला कीर्तनात डुलकी लागते आणि रहस्यकथेत चोर निसटतो. आज एक कथा सांगतो. तिच्यात खून नाही, पण खुनापेक्षा जड असं काहीतरी आहे. किती जड, ते माझ्या भाच्याच्या खांद्याला विचारा.

आधी वक्त्याची ओळख. मी दीनानाथ खरवंडीकर. सोमवार ते शुक्रवार सिंगापूरच्या आंग मो किओ भागातल्या एका कारखान्यात सर्किट बोर्ड तपासतो, शनिवार-रविवार माणसं तपासतो. बोर्ड कधीकधी फसवतात. माणसांची तशी छाती होत नाही. माझी नजर गरुडाची, कान हरणाचे आणि नाक, सरोजिनीच्या मते, नको तिथे खुपसण्याचं. सरोजिनी ही माझी पत्नी. आमच्या कोंडोच्या, म्हणजे सोसायटीच्या, स्विमिंग पूलमध्ये सापडलेल्या एकट्या चपलेचं प्रकरण मीच हाताळलं. चप्पल माझी निघाली, पण निघाली ना?

माझ्या डोक्यावर तपासाची खास टोपी असते. अलीकडे ती आतून तेलकट व्हायला लागली होती. मेंदू फार तापला की त्यातून तूप सुटत असावं, असं माझं निदान.

मदतनीस म्हणून माझा भाचा संग्राम. जहाजावर मरीन इंजिनियर. पुढचं जहाज मिळेपर्यंत आमच्या पाया लेबारच्या फ्लॅटमध्ये सोफ्यावर मुक्काम. हुशार आहे, पण दोन खोडी. एक, सतत भूक लागते. दोन, मला चारचौघांत ‘मामा’ म्हणतो. ‘सर’ म्हण म्हटलं, तर म्हणाला, “सर म्हटल्यावर पगार द्यावा लागतो.”

इथे पूर्वरंग संपला. आता कथेला लागू.

ईस्ट कोस्टला ‘व्हर्लिन्स पॉट’ नावाचं छोटं हॉटेल होतं. पाटीवर लिहिलेलं ‘कॅरिबियन सोल फूड’. आत्म्याचं अन्न म्हटल्यावर मी पहिल्यांदा गेलो तो चपला बाहेर काढूनच. मालकीण मिस व्हर्लिन मूळची त्रिनिदादची. भलं थोरलं शरीर, त्याहून थोरला आवाज. रस्सा ढवळताना ती देवाची गाणी म्हणायची. एक ओळ गायची, मग त्या ओळीवर दोन वाक्यं बोलायची, मग पुन्हा ओळ. अहो, हे तर निरूपण! मी नारळाचा भात खाता खाता टेबलावर ताल धरायचो. भाषा निम्मी कळायची नाही. पण बुवांचं तरी सगळं कुठे कळतं?

होळीच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, आम्ही दोघं तिथे जेवायला गेलो. दारातच मी थबकलो.

“संग्राम, काहीतरी घडलंय. ऐक.”

“काही ऐकू येत नाही, मामा.”

“तेच! गाणं बंद आहे.”

“आणि दारावर पाटी आहे,” संग्राम म्हणाला. “उद्याचं जेवण रद्द.”

पाटी मीही पाहणारच होतो.

व्हर्लिनबाई गल्ल्यामागे गालाला हात लावून बसल्या होत्या. त्यांचं इंग्रजी चालीवर असतं. मी मराठीत सांगतो, चाल तुम्ही लावा.

“मिस्टर डी,” त्या म्हणाल्या, “माझं पातेलं गेलं.”

पातेलं त्यांच्या आईचं. बिडाचं, काळं, आणि झाकणाची मूठ तुटली म्हणून तारेने बांधलेली. आईचं नाव इयोला. तिने त्या पातेल्यातून सगळ्या गल्लीला जेवू घातलं होतं, आणि व्हर्लिनबाई सिंगापूरला निघाल्या तेव्हा दागिना द्यावा तसं ते लेकीच्या हाती दिलं होतं. रोजचा स्वयंपाक स्टीलच्या पातेल्यात होई. हे वरच्या फळीवर असे, सणावारी खाली येई. उद्या इयोलाबाईंचं वर्षश्राद्ध. त्यांच्याच पातेल्यात पेलाव करायचा, म्हणजे तुरीचे दाणे घातलेला नारळाचा भात, आणि येईल त्याला वाढायचा. काल फळीवर हात घातला तर फळी रिकामी.

“दुसऱ्या पातेल्यात करा की,” संग्राम म्हणाला.

व्हर्लिनबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. “बाळा, तुझ्या आजीच्या श्राद्धाला दुसऱ्याची आजी चालेल का?”

संग्रामला चिकन मागवायचं होतं, तेही मागवलं नाही. त्या पोराला मी इतकं गंभीर इंजिन बंद पडल्यावरही पाहिलेलं नाही.

“काळजी सोडा,” मी टोपी सरळ करत म्हणालो. “संध्याकाळपर्यंत पातेलं तुमच्या चुलीवर असेल.”

“अरे डार्लिंग!” असं म्हणून त्यांनी डोळे पुसले. मला कुणीतरी पहिल्यांदाच डार्लिंग म्हणालं होतं. संग्रामने नंतर सांगितलं की त्या भाजीवाल्यालाही म्हणतात. मी ते नोंदीतून वगळलं.

तपास सुरू झाला. भिंग काढून मी फळीकडे बराच वेळ पाहिलं.

“काय दिसतं, मामा?”

“फळी रिकामी आहे. याचा अर्थ, पातेलं दुसरीकडे आहे.”

“वा.”

शेजारी एक थाई हॉटेल होतं. मी खिडकीतून डोकावलो तर आतला मालक माझ्याकडे बघून हसला.

“हाच चोर! निरपराध माणूस मला बघून हसेल कशाला?”

“मामा, तुम्हाला बघून सगळेच हसतात.”

मी आत जाऊन त्याचं प्रत्येक पातेलं वाजवून पाहिलं. बिडाचा नाद वेगळा असतो, कीर्तनात झांजा वाजवणाऱ्या माझ्यासारख्याला तो लगेच कळतो. तिथली सगळी ॲल्युमिनियमची निघाली. मालकाने मला बाटलीतलं पाणी दिलं आणि माझ्या तब्येतीची चौकशी केली. धूर्त माणूस.

दुसरा सिद्धान्त आंतरराष्ट्रीय होता. सिंगापूर हे बंदर. बंदरातून माल जातो. पातेलं हा माल. म्हणजे पातेलं बंदरातून गेलं. राहिला प्रश्न, बंदरात ओळख कुणाची? मी हळूच संग्रामकडे वळलो.

“तुझ्या गेल्या जहाजात काय भरलं होतं?”

“कोळसा.”

“अस्सं! आणि कोळशावर काय ठेवतात?”

“मामा, मी आता निघतो.”

“पातेलं ठेवतात!”

त्याला दारातून परत ओढून आणताना मला जमिनीवर तिसरा धागा सापडला. काळ्या डागांची रांग! स्वयंपाकघरातून टेबलापर्यंत, टेबलापासून दारापर्यंत, दारातून थाई हॉटेलात आणि तिथून परत. चोर माझ्याच मार्गाने फिरला होता! एवढी हिंमत! मी डागांचा माग काढत गुडघ्यांवर रांगत निघालो. रांग माझ्या उजव्या बुटापाशी संपली. मघाशी शेगडीजवळच्या राखेत पाय पडला होता.

“पकडला,” संग्राम म्हणाला.

आता एकच संशयित उरला. व्हर्लिनबाईंचा धाकटा भाऊ डेस्मंड. हाताखाली स्वयंपाक करणारा, गेल्या महिन्यात बाई तापाने झोपल्या तेव्हा हॉटेल एकट्याने सांभाळलेला, आणि नंतर कार्निवलसाठी त्रिनिदादला पळालेला. कार्निवल संपला होता, पण डेस्मंडच्या अंगातून उतरला नसावा. फोन लागत नव्हता.

“सगळं जुळतं,” मी जाहीर केलं. “डेस्मंड पातेलं घेऊन पळाला!”

“डेस्मंड?” व्हर्लिनबाई म्हणाल्या. “त्याला स्वतःची बॅग उचलवत नाही. ती पण मीच विमानतळावर ओढत नेली. आत चट्ट्यापट्ट्याचे कपडे आणि पिसं होती, दुसरं काही नाही.” मग त्या जरा वेळ पिसांसारख्या हलक्या हसल्या, आणि एकदम थांबल्या. “राहू द्या, मिस्टर डी. तुम्ही पुष्कळ केलंत. उद्या कुलूप लावून घरी बसेन. आईला सांगेन, तुझं भांडं सांभाळता आलं नाही मला.”

काय सांगू! मोठमोठे बुवा आख्यानात रडवतात, ते पेटीवर सूर धरून. या बाईने सुराशिवाय रडवलं.

हरलेला सेनापती घरी आला. सरोजिनी उद्याच्या होळीसाठी पुरण वाटत होती. घरभर वेलदोड्याचा वास. मी खुर्चीत कोसळलो आणि प्रकरण सांगायला लागलो. “काळं, बिडाचं, अत्यंत मौल्यवान...”

“झाकणाची मूठ तारेने बांधलेली?” सरोजिनीने यंत्र फिरवता फिरवता विचारलं.

मी ताडकन उठलो. हा तपशील मी सांगितलाच नव्हता! जड मनाने भिंग काढलं. पती म्हणून नव्हे, कर्तव्य म्हणून.

“सरोजिनी, तू आज दुपारी कुठे होतीस?”

“तुमचे मळके बूट पुसलेल्या फरशीवरून गेले तिथे,” ती म्हणाली. “जरा ती टोपी काढा बरं, फ्रिजवरून.”

घरी आलो की मी टोपी फ्रिजवरच्या स्टँडवर ठेवतो. काळं, भक्कम, घुमटासारखं स्टँड. महिन्यापूर्वी आलं, तेव्हा माझ्या कर्तृत्वाची घरात कुणीतरी कदर केली म्हणून मी हरखलो होतो. सरोजिनीने टोपी उचलली. खाली पातेलं.

संग्राम सोफ्यावर तोंडात उशी कोंबून हसत होता.

“पण हे इथे कसं?”

“गेल्या महिन्यात आपल्याकडे बुवांचं कीर्तन झालं, माणसं जास्त आली. मी व्हर्लिन्समधून भात मागवला, बिनमांसाचा. बाई आजारी होत्या, तिथे त्यांचा तो उंच धाकटा भाऊ होता, त्याच्याकडचे डबे संपलेले. म्हणाला, पातेल्यासकट न्या, आणून द्या सावकाश.”

“भात? त्या दिवशी मसालेभात होता. मी तीनदा घेतला. तुझ्या हाताची तारीफ केली!”

“केलीत. मी कशाला अडवू?”

“आणि महिनाभर परत का नाही दिलंस?”

आता सरोजिनीने यंत्र थांबवलं, आणि मी अगदी अडाणी प्रश्न विचारल्यासारखं माझ्याकडे पाहिलं. “रिकामं देऊ?”

संग्रामचं हसू थांबलं. आम्हा दोघांनाही पटलं.

“आधी चिवडा घालणार होते,” ती सांगू लागली. “पण भांडं हातात घेतलं की कळतं हो, कुणाच्या तरी आईचं आहे ते. त्यात चिवडा कसा घालायचा? मग म्हटलं, होळी आलीच आहे, पोळ्याच घालून देऊ. तोवर साबण न लावता धुतलं, आतून-बाहेरून तेलाचा हात फिरवून पालथं ठेवलं. बिडाला गंज चढतो ना.”

माझ्या मेंदूतून तूप सुटत नव्हतं, हेही त्याच क्षणी सिद्ध झालं.

“दे इकडे! आत्ता नेतो!” मी पातेल्याला हात घातला.

“खबरदार,” सरोजिनी म्हणाली. “वर्षश्राद्धाचं भांडं आणि रिकामं? माझ्या घरातून? थांबा तासभर.”

“अगं, ती बाई कुलूप लावून बसेल!”

“मग बोलण्यात वेळ घालवू नका. संग्राम, हात धू. लाटायला बस.”

जहाजाचं इंजिन उघडणाऱ्या त्या पोराने पोळ्या लाटल्या, मी तूप लावलं. पहिल्या दोन पोळ्यांना मालदीवचा नकाशा आला होता, त्या आम्हीच खाल्ल्या. पातेलं पोळ्यांनी भरलं, झाकण बसलं, आणि टॅक्सी मिळेपर्यंत ते संग्रामच्या खांद्यावर होतं. त्याचा तो खांदा अजून खाली आहे.

व्हर्लिनबाई खुर्च्या टेबलांवर पालथ्या घालत होत्या. पातेलं पाहिलं आणि हातातली खुर्ची तशीच राहिली. धावत आल्या. आधी झाकणाची तार चाचपली. मग कडेवरून बोट फिरवलं, ते बोट दिव्याखाली धरलं. तेल. सरोजिनीकडे पाहून त्यांनी नुसती मान हलवली. बिडाची भांडी वापरणाऱ्या बायकांत तेवढ्यावर भागतं.

मग झाकण उघडलं. वाफ आली. त्यांनी एक पोळी उचलली, मोडली, आतलं पिवळं पुरण पाहिलं आणि म्हणाल्या, “ही तर दालपुरी!”

त्रिनिदादला डाळ भरून अशीच पोळी करतात म्हणे, तिखटमिठाची. इयोलाबाई करायच्या. व्हर्लिनबाईंनी घास घेतला आणि डोळे मोठे झाले. “पण हिच्यात साखर कुणी घातली?”

“गूळ,” सरोजिनी म्हणाली. काही बाबतींत ती तडजोड करत नाही.

मी पुढे होऊन सगळा उलगडा केला. भांडं रिकामं का देत नाहीत, महिना का लागला, आणि माझ्या तपासामुळे शेवटी कसं सापडलं, तेही. व्हर्लिनबाईंनी पोळी संपवली, बोटं चाटली, आणि सरोजिनीचा हात हातात घेतला.

“डार्लिंग, एक लिंबू टाकून आणलं असतंस तरी चाललं असतं.”

सरोजिनीला उत्तर सुचलं नाही. लग्नानंतर असं पहिल्यांदाच झालं, आणि नेमका मी मागे वळून साक्षीदार शोधला तर संग्राम चिकन खात होता.

दुसऱ्या दिवशी इयोलाबाईंचा पेलाव झाला. खुर्च्या कमी पडल्या. थाई मालकही आला, माझ्याकडे बघून पुन्हा हसला. व्हर्लिनबाईंनी पहिला डाव काढण्याआधी गायला सुरुवात केली. एक ओळ, मग आईबद्दल दोन वाक्यं, मग पुन्हा ओळ. मी खिशातून झांजा काढल्या. सरोजिनीने डोळे वटारले. पण व्हर्लिनबाईंनी डावानेच खूण केली, आणि मी साथ धरली.

तर मंडळी, आता जाण्यापूर्वी एवढं करा. घरी गेलात की स्वयंपाकघरात बघा. ओट्याखाली, माळ्यावर, नाहीतर टोपीखाली. एखादा डबा तुमचा नसेल. झाकणावर दुसरंच नाव असेल. तो ज्या बाईचा आहे, तिला आठवा. तिने त्यातून काय पाठवलं होतं, तेही आठवा. मग तो भरा आणि तिच्याकडे घेऊन जा. आणि ती आता नसेल, तर भरून शेजारी द्या, आणि देताना तिचं नाव सांगा.